चामुंडीच्या डोंगरावरचे गाऱ्हाणे

“म्हैसूरच्या चामुंडी डोंगराच्या वाटेवर, जेथे एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी आहे, तेथे थोरल्या काकांचा धीर सुटला. आपल्याजवळचा नारळ त्यांनी माझ्या वडिलांच्या स्वाधीन केला, ‘येतो मी’ असे म्हणून सर्वांचा निरोप घेतला आणि ते डोंगर उतरून गेले. घराण्याचे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्या दिवशी त्यांनी स्वखुशीने धाकट्या भावाकडे सोपवला. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत. जेवताना गावच्या देवांविषयी एक असंबद्ध वाक्य तेवढे पुटपुटले.”

हा उतारा माझा चुलतभाऊ प्रभाकर याने लिहिलेल्या आमच्या कुलवृत्तांतातला आहे. दादरच्या एका सभागृहात त्याचे प्रकाशन झाले तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझ्या खांद्यावर शाल घालण्यात आली होती आणि माझ्या वडिलांचा धीर कसा सुटला हे व्यासपीठावरून वाचून दाखवण्यात येत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रभाकर लिहितो चांगले, हे मी नाकारत नाही. आयुष्यभर सरकारी टिपणे लिहिलेला माणूस आहे. जे घडले नाही तेही नीटनेटक्या परिच्छेदात बसवण्याची कला त्याच्या हाताला आहे. मला त्याच्या भाषेशी भांडायचे नाही. त्याच्या उताऱ्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य खोटे आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. शेवटच्या वाक्यात मात्र, जे त्याने केवळ सजावटीसाठी जोडले, खरेपणा त्याच्या नकळत शिरून बसला आहे.

ज्यांचे मूळ कोकणात नाही त्यांच्यासाठी गाऱ्हाणे म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवला की घरातला वडीलधारा पुरुष उभा राहतो आणि देवाशी मोठ्याने बोलतो. मंत्र नाही, संस्कृत नाही; शेजाऱ्याशी बोलावे तशा मालवणीत. आधी गावच्या देवांना एकेक करून हाक मारायची, मग लेकरांचे सुखदुःख त्यांच्या कानावर घालायचे. प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचे, “व्हय म्हाराजा!” नारळ कोणीही फोडू शकतो. गाऱ्हाणे थोरल्यानेच घालायचे. तो मान बापाकडून थोरल्या मुलाकडे येतो, आणि गावच्या जत्रेत देवळाच्या चौकात आमच्या घराण्याच्या वतीने कोण उभे राहणार हे त्यावरूनच ठरते.

लालबागच्या आमच्या खोलीत हा मान बाबांकडे होता. बाबा गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. कामावरून परतले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीवरच्या केसांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत, आई त्यांना दारातच उभे करून ओल्या पंच्याने पुसून काढी आणि म्हणे, “म्हातारो होवच्या आधीच पिकवल्यानी तुमका.” तोच कापूस त्यांच्या छातीतही उतरला होता. बाबांचा खोकला हे आमच्या घराचे घड्याळ होते. पहाटे एक लांब खोकला येई, मग थांबून दोन तोकडे. तेवढ्यावर आई चूल पेटवी आणि शेजारच्या खोलीतली माणसे कूस बदलत. दुपारी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी, रविवारी बाजारात स्वस्त मिळेल तो मासा. त्या वासातही बाबांचा खोकला वेगळा ओळखू येई. मात्र गाऱ्हाणे घालताना बाबा कधी खोकले नाहीत. गणपतीसमोर उभे राहून त्यांनी “बा देवा म्हाराजा” म्हटले की आवाज असा सुटे की, खालच्या मजल्यावरची ख्रिस्ती म्हातारी, जिला आमचे देव माहीत असण्याचे कारण नव्हते, तीही जिन्यात येऊन उभी राही. गाऱ्हाणे संपले, “व्हय म्हाराजा” झाले, की बाबा भिंतीला टेकत आणि मग तुंबून राहिलेला सगळा खोकला एकदम बाहेर पडे.

ते दोन नियम कडकपणे पाळत आणि ते दोन्ही मला पाठ आहेत. पहिला असा की, चालू गाऱ्हाणे तोडायचे नाही. एका गणपतीत मधेच दारावर कोणी हाक मारली आणि मी “कोण हा?” म्हणून ओरडलो, तेव्हा बाबांनी गाऱ्हाणे संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलेही नाही, संपल्यावर मात्र म्हणाले, “घराक आग लागली तरी गाऱ्हाण्याच्या मधी तोंड उघडूचा नाय. देवाक अर्धा उत्तर दिलेला चलाचा नाय.” दुसरा नियम गांगोचा. आमच्या गावचे मोठे देव देवळात बसतात: रवळनाथ, भगवती, पावणाई. गांगोला देऊळ नाही. वेशीवरच्या बांधात उभा असलेला एक काळा चिरा म्हणजे गांगो. तो गावाची राखण करतो. त्याचे नाव शेवटी घ्यायचे असते, आणि शेवटचे असल्यामुळेच ते राहून जाते. बाबा म्हणत, “देव सगळे आत बसतत, गांगो भायर उभो रवता. भायर उभो आसा, तेकाच आधी इसारतत.” त्यांच्या तोंडून हे नाव एकदाही सुटले नाही. मी हे ऐकत मोठा झालो, पण देवांची ही रांग म्हणण्याइतकी मला त्या वयात येत नव्हती. आम्हा बाकीच्यांचे काम “व्हय” म्हणण्याचे होते.

प्रभाकरचे वडील, म्हणजे माझे आप्पाकाका, बाबांचे धाकटे भाऊ. शिकले, एका कचेरीत कारकून झाले आणि दादरला राहायला गेले. लालबाग ते दादर हे अंतर पायी चालण्याचे, परंतु आमच्या घरात ते समुद्र ओलांडल्यासारखे मोजले जाई. काका पांढरा सदरा घालून येत, खुर्ची नसल्याने ट्रंकेवर बसत आणि बसण्यापूर्वी तिच्यावरून रुमाल फिरवत. बाबा तो रुमाल पाहत. असेच एका रविवारी काका आले, सोबत काकी आणि प्रभाकर. प्रभाकर तापातून उठला होता. त्याच्या दुखण्यात काकीने चामुंडीला नवस बोलला होता. त्यांच्या बिऱ्हाडाशेजारी म्हैसूरची एक बाई राहत असे, तिने सुचवलेला. काकांना कचेरीची प्रवासाची सवलत होती. जाणे ठरले होते.

“चाय घेतलास मां?” आईने काकीला विचारले. “आमची चाय दादरच्या माणसांक चलता ना?”

“वयनी, असां काय बोलतास!” काकी म्हणाली, आणि कप तसाच हातात धरून बसली.

आप्पाकाका बाबांकडे वळले. हे वाक्य मी जसे ऐकले तसे लिहितो, कारण प्रभाकरच्या ग्रंथात ते नाही. ते म्हणाले, “दादा, तू येवक होयो. नवस फेडूचो आसा. नारळ कोण ठेयतलो? गाऱ्हाणा कोण घालतलो? माका खंय येता ता?”

बाबा खोकले. मग म्हणाले, “डोंगर हा मां थंय?”

“डोंगर हा. पण पायऱ्यो हत. आणि वर एसटीसारखी मोटार जाता.”

“देवीकडे मोटारीन जावक मी काय साहेब हंय?” बाबा म्हणाले. “चलत जावया.”

स्वखुशीने मान सोपवणाऱ्या माणसाला मुंबईहून म्हैसूरला कशासाठी नेतात? केवळ ते गाऱ्हाणे घालावे यासाठीच बाबांना नेले होते. प्रभाकर त्या वेळी काकीच्या मांडीशी बसून आमच्या ट्रंकेवरची नक्षी नखाने खरवडत होता. त्याला हे आठवत नाही, हे मी समजू शकतो. परंतु ज्याला आठवत नाही त्याने लिहू नये.

म्हैसूरला आम्ही शहरातल्या एका धर्मशाळेत उतरलो. आईने पिशवीतून भाजलेल्या सुकटीची पुडी आणली होती. धर्मशाळेतल्या आचाऱ्याला वास आला आणि त्याने काकांना कानडीत बरेच काही सुनावले. काका मान खाली घालून उभे राहिले. बाबांनी पुडी उचलली, बाहेर जाऊन कावळ्यांना घातली आणि आत येऊन इडली खाल्ली. “मऊ आसा,” म्हणाले, “पण हेच्यात मीठ नाय, राग पण नाय.” आई पदराआड हसली, बाबाही हसले. बाबांना त्या सहलीत हसताना मी पाहिले ते एवढेच.

डोंगर शहराच्या उशालाच आहे. म्हैसूरमध्ये कुठेही उभे राहा, मान वळवली की तो दिसतो, माथ्यावर देवळाचे उंच गोपूर असते. पायथ्याशी फुलवाल्या बायका बसल्या होत्या. मोगऱ्याचे गजरे, लिंबे, हळदकुंकवाच्या पुड्या. दगडी पायऱ्या झाडीतून वर चढतात, आणि नवसाच्या बायका एकेका पायरीला वाकून हळदीकुंकवाची बोटे लावत वर जातात. त्यामुळे सगळी वाट पिवळी आणि लाल झालेली असते. काकीही तशीच वाकत चालली होती. त्या निमित्ताने सगळ्यांची चाल मंदावली, म्हणून बाबांना पहिला भाग निभावला. नारळाची पिशवी त्यांच्या खांद्याला होती. ती त्यांनी कोणाला घेऊ दिली नाही. मग ऊन चढले, पायऱ्या उंच झाल्या, आणि प्रत्येक वळणावर बाबा उभे राहू लागले. उभे राहताना ते खालच्या शहराकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारत: तो राजवाडा का, ते तळे का. त्यांना राजवाड्यात रस नव्हता. विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढा श्वास घ्यायला मिळतो, हे गिरणीतल्या माणसाला बरोबर माहीत असते.

नंदीपाशी पोहोचलो तेव्हा त्यांचे ओठ जांभळे पडले होते. नंदी अवाढव्य आहे. तेलाने काळा झालेला, गळ्यात दगडी घंटांच्या माळा, डोळे अर्धे मिटलेले. बाबा त्याच्या सावलीत पायरीवर बसले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. काकांनी घड्याळ पाहिले. वर देऊळ दुपारी बंद होते असे त्यांना कोणी सांगितले होते. त्यांनी वाकून बाबांच्या खांद्यावरची पिशवी काढली. “दी, दादा, इतक्या वजन कशाक?” एवढेच म्हणाले. बाबांनी खांदा सैल सोडला. जगातल्या कोणत्याही वाटेवर, दमलेल्या भावाच्या खांद्यावरचे ओझे दुसरा भाऊ उचलतो, त्याला ‘नारळ स्वाधीन केला’ असे म्हणतात, हे मला सत्तरीनंतर कळले.

बाबांनी आईचा हात बाजूला केला. “तू जा हेंच्यावांगडा,” म्हणून तिला सगळ्यांबरोबर पुढे लावले. आणि मग काकांकडे बघून: “येतंय.”

“ये, ये,” काका म्हणाले, आणि चढू लागले.

या एका शब्दावर प्रभाकरचा सगळा डोलारा उभा आहे. त्याच्या मते ‘येतंय’ म्हणजे ‘जातो’. मराठी घरात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे खरे. आमच्याकडे तर चुकून ‘जातंय’ म्हटले तर आई परत उंबऱ्याच्या आत बोलावून पाणी पाजत असे. पण ज्याला मागून यायचे आहे तो दुसरे काय म्हणतो? तोही ‘येतो’च म्हणतो. मी या पुनर्वसनाच्या इमारतीत करी रोडला वरच्या मजल्यावर राहतो. येथून पूर्वेला शिवडीची खाडी दिसते, पश्चिमेला दुसऱ्या इमारती दिसतात, आणि उद्वाहक महिन्यातून एकदा तरी बंद असतो. गेल्या आठवड्यात तो बंद होता. मधल्या एका मजल्यावर माझा श्वास संपला, मी पायरीवर बसलो आणि मुलाला म्हणालो, “चल पुढे, येतो.” तो चावी घेऊन वर गेला आणि दार उघडे ठेवून बसला. बापाने निरोप घेतला असे त्याला वाटले नाही. मी वर पोहोचलो तेव्हा त्याने पाणी ओतून ठेवले होते.

हेच मी प्रभाकरला दूरध्वनीवर सांगितले. तो हसला.

“सुरेशदादा, अरे, किती वर्षं झाली! ‘येतो’ म्हणजे ‘जातो’ असंही होतं, ‘येतो’ असंही होतं. तू तुझं धर, मी माझं धरतो.”

“धरायला ती दोरी नाही. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती कर.”

“पुरावा दे, करतो. काका वर आले असं कुणी पाहिलं? तू पाहिलंस?”

“नाही.”

“मोठ्या काकींनी पाहिलं?”

“नाही.”

“मग झालं तर! आणि एक सांग, वर आले असते तर पुढच्या गणपतीत त्यांनी स्वतःच गाऱ्हाणं का नाही घातलं? माझ्या वडिलांना ‘आप्पा घालीत’ असं सगळ्यांसमोर म्हणाले. ते तर तू ऐकलंस ना?”

ते मी ऐकले. प्रभाकरचा हाच सर्वांत बळकट मुद्दा आहे, हे मान्य करण्याइतका मी प्रामाणिक आहे. त्या वर्षीच्या गणपतीत आरती संपली, नारळ पुढे आला, खोली शांत झाली. खालची ख्रिस्ती म्हातारीही जिन्यात येऊन उभी होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले नाहीत. म्हणाले, “आप्पा घालीत.” त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी गाऱ्हाणे घातले नाही. गावाला मानाच्या जागी आप्पाकाका उभे राहू लागले, काकांनंतर प्रभाकर, आणि यंदाच्या जत्रेत प्रभाकरचा मुलगा उभा राहणार आहे, जो देवांची नावे मोबाइलवर पाहून वाचतो. थोरल्याचा मुलगा मी. मी चौकात मागे उभा राहून “व्हय म्हाराजा” म्हणतो. आईला मी एकदा विचारले होते की बाबा असे का वागले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “जा रे. दुसऱ्यान उष्टावलेल्या ताटात तुझो बापूस कधी जेवलो हा?” त्या वेळी मला तिचे बोलणे कळले नाही. ती स्वतः माथ्यावर हजर होती. तरी बाबा कुठवर आले होते हे तिलाही ठाऊक नव्हते. तिला बाबा ठाऊक होते.

आता माथ्यावर काय झाले ते. गोपुराचे रंग उन्हात डोळ्यांना झोंबत होते. त्याच्या अलीकडे महिषासुराची मूर्ती आहे, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग. प्रभाकर तिला पाहून रडू लागला आणि काकीने त्याचे तोंड पदरात घेतले. दर्शन झाले. देवळाबाहेर नारळ फोडण्याची जागा होती, तेथे ही गर्दी. कानडी यात्रेकरू, फुलवाल्या, माकडे. आई सारखी पायऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. “भावोजी, जरा थांबाया,” ती म्हणाली. “ते येतत म्हणाले.”

“देऊळ बंद होतला, वयनी,” काका म्हणाले. “नवस रवाक नको.” आणि पिशवीतून नारळ काढून ते आमच्या मधोमध उभे राहिले.

त्यांचा आवाज बाबांसारखा नव्हता. कचेरीत अर्ज वाचावा तसा होता. पण गर्दीमुळे त्यांना ओरडावे लागत होते, आणि एक अनोळखी भाषा देवाशी काय बोलते आहे हे पाहायला लोक आमच्याभोवती कडे करून उभे राहिले होते. काकांनी सुरुवात केली: “बा देवा रवळनाथा, आई भगवती, आई पावणाई म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुलूख सोडून हय चामुंडी आयच्या पायाकडे इली हत. माझ्या झिलाक तापातून उठवलंस, तसोच तेका सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हणालो.

“माझो थोरलो भाव अर्ध्या वाटेर दमान बसलो हा. तेका वर येवक झाला नाय. तेच्या छातीक आराम पडांदे, तेची चूकभूल पदरात घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आईचा आवाज मला वेगळा ऐकू आला, तिने तो फार मोठ्याने काढला होता. मीही म्हणालो. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणायचेच असते, तेथे निवड नसते. नारळ फुटला, पाणी दगडावर उडाले, कडे मोडले. काकांना मोकळे मोकळे वाटत असावे, त्यांनी सगळ्यांच्या हातावर खोबरे ठेवले आणि म्हणाले, “आता मोटारीन उतरूया. दादा खालीच असतलो.” आम्ही मोटारीने उतरलो. पायऱ्यांची वाट एकीकडे आणि मोटारीची दुसरीकडे, त्यामुळे वाटेत कोणी भेटण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मशाळेत बाबा नव्हते. आई ओसरीवर बसून राहिली.

दिवेलागणीला ते आले. पाय धुळीने भरले होते, आणि पायांच्या बोटांवर पायऱ्यांवरचे हळदकुंकू लागलेले होते. हे हळदकुंकू मी पुरावा म्हणून मांडत नाही. नंदीपर्यंतच्या पायऱ्यांनाही ते होतेच, प्रभाकर लगेच तसे म्हणेल. काकांनी विचारले, “खंय होतंस, दादा? आम्ही सगळे घाबरलंव.” बाबा मोरीवर गेले, पाय धुतले, पंच्याने कोरडे केले. परतल्यानंतरचे एवढे प्रभाकरच्या वृत्तांतात आणि माझ्या सांगण्यात सारखेच आहे.

मग पाने मांडली. काकी वाढत होती. बाबांच्या उजवीकडे मी, समोर आप्पाकाका, त्यांच्याशेजारी प्रभाकर. काकांच्या त्या एका प्रश्नाखेरीज, आम्ही मोटारीने उतरल्यापासून बाबांशी कोणी एक शब्द बोलले नव्हते. ते आले, पाय धुतले आणि सरळ पानावर बसले. गाऱ्हाण्यात कोणती नावे आली हे त्यांना सांगणारे तेथे कोणी नव्हते, आणि सांगायचे म्हटले तरी ते कळणारे कोणी नव्हते. आई-काकीला देवांची रांग येत नव्हती, मला येत नव्हती, प्रभाकर तर पदरात तोंड घालून होता. आणि काकांना ती नीट येत असती तर पुढचे वाक्य बोलले गेलेच नसते. बाबांनी भाताचा पहिला घास बाजूला काढून ठेवला, काकांकडे पाहिले आणि अगदी शांतपणे, न खोकता, ते दोन शब्द बोलले. काकांचा हात पानावर तसाच राहिला. प्रभाकरने विचारले, “पप्पा, तो कोण?” आणि काका त्याच्यावर असे खेकसले की, काकीच्या हातातली आमटी सांडली.

प्रभाकर, तुला ते वाक्य असंबद्ध वाटले कारण त्यातले नाव तेथे का आले हे तुला ठाऊक नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत तुझ्या भाषेने तू काय हवे ते लिही, परंतु ते वाक्य जसेच्या तसे छाप. डोंगराच्या माथ्यावर, माणसांच्या त्या कड्यात मागे तोंड न उघडता उभे राहून तुझ्या वडिलांचे गाऱ्हाणे पहिल्या हाकेपासून ज्याने ऐकले नाही, त्याला ते बोलता येणार नाही. माझे वडील त्या पानावर बसून तुझ्या वडिलांना म्हणाले होते: “गांगोक इसारलंस.”